चुन्यावरचं आणि सिमेंटवरचं

शेवाळावर एम.एस्सी. करायलीय असं सांगितलं की बिदरला आमच्या गल्लीतली माणसं हमखास विचारायची, "म्हंजे ते जायचं औषध काढायलीस का?" न्हाणीत पाय घसरून कंबर मोडून घेतलेली एक आजी तर मला दर सुट्टीत विचारायची, औषध आलं का म्हणून. सुरुवातीला मी समजावून सांगायचे. नंतर "अजून न्हाई, आजी" एवढंच म्हणायला लागले.

त्यांचा तरी काय दोष? आमच्याकडं मराठीत शेवाळ, कानडीत पाची, दखनीत काई. तळ्यावरचा हिरवा तवंग, आडाच्या कडेचा बुळबुळीत थर आणि पावसाळ्यात भिंतीवर उगवणारी मऊ हिरवळ, या सगळ्याला मिळून एकच शब्द. पुस्तकात त्या भिंतीवरच्या हिरवळीला हरिता म्हणतात, पण तो शब्द मी पुस्तकाबाहेर कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही. मला त्या एका शब्दातून दोन वनस्पती वेगळ्या काढून दाखवायच्या होत्या, आणि त्याही सख्ख्या बहिणींसारख्या. उंची करंगळीच्या नखाएवढी, रंग तोच, वाळल्या की दोघी पानं आत वळवून काळपट होऊन बसणार. फरक फक्त पानाच्या टोकाला. एकीच्या पानाच्या शेंड्याजवळ बारीक दाते, करवतीसारखे. दुसरीची कड साधी, गुळगुळीत. नुसत्या डोळ्यांनी काही कळायचं नाही. वाळलेलं झाड पाण्यात भिजवायचं, पान उलगडेपर्यंत थांबायचं, दोन सुयांनी ते एकेक पान सोडवून काचेवर ठेवायचं आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं.

हे सांगायला सोपं आहे. गुलबर्ग्याला विद्यापीठात आमच्या विभागात चांगला सूक्ष्मदर्शक एकच होता. तो कपाटात, कपाटाची किल्ली सरांकडं, आणि सर बैठकीत. दुपारी दोन ते चार ही माझी वेळ. त्या वेळेला वीज हमखास जायची. मग खिडकीपाशी आरसा फिरवून उन्हाची तिरीप धरायची. तिरीप सापडली की पान वाळून पुन्हा वळलेलं. पहिल्या तीन महिन्यांत माझ्या वहीत सोळा पानांची चित्रं होती, आणि त्यातल्या सहांपुढं मी स्वतःच प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

सर माझे मार्गदर्शक. कानडी माणूस, शांत, नीटनेटके, शर्टाच्या खिशात दोन पेनं. माझ्याशी मराठीत बोलायचे, पण काही नको असलं की कानडीत शिरायचे. मी चित्रं दाखवली तेव्हा त्यांनी वही न उघडताच म्हटलं, "आपल्या भागात ही एकच जात आहे, अम्मा. दाते कमीजास्त असतात."

"पण सर, काहींना अजिबातच नाहीत."

"अदू बिडम्मा," ते म्हणाले. म्हणजे, ते सोड गं.

मी सोडलं नाही, त्याचं कारण माझे अप्पा. माझे वडील गवंडी होते, आणि तेही चुन्याच्या कामाचे. बिदरच्या किल्ल्याची डागडुजी निघाली की त्यांना बोलावणं यायचं. दगडी चाकाच्या घाणीत चुना कसा मळायचा, त्यात बेलफळाचं पाणी आणि गूळ किती घालायचा, हे जाणणारी माणसं तेव्हा बोटावर मोजण्याएवढी उरली होती. बाकी सगळीकडं सिमेंट आलं होतं. अप्पा सिमेंटचंही काम करायचे, पण पाहुण्याला वाढल्यासारखं, उपचारापुरतं. शाळेत ते दुसरीपर्यंत गेले होते. आमच्या घरात छप्पन साली धर्म बदलला, देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची तसबीर आली, आणि अप्पांनी ठरवलं की आपली पोरगी जेवढं शिकेल तेवढं शिकवायचं. काय शिकायली याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. शेवाळ तर शेवाळ.

दिवाळीच्या सुट्टीत मी, ज्यांतून ती पानं काढली होती, त्या नमुन्यांच्या पुड्या घरी आणल्या होत्या. वर्तमानपत्राच्या कागदाच्या बारा पुड्या, प्रत्येकीवर फक्त आकडा. काही किल्ल्याच्या भिंतीवरून खरवडलेल्या, काही मन्नाएखेळ्ळीजवळच्या रस्त्यावरच्या पुलाच्या कठड्यावरून. मी अंगणात पुड्या उघडून बसले होते. अप्पा हात धुऊन आले आणि उकिडवे बसून बघायला लागले. एका पुडीतलं चिमटीत धरून त्यांनी चुरगाळलं.

"हे सिमिटावरलं," ते म्हणाले. दुसरीतलं घेतलं. "हे चुन्यावरलं."

"कशावरनं, अप्पा?"

"सिमिटावरलं चुरलं की भुगा व्हतंय. चुन्यावरलं पापुद्रा धरून येतंय. गिलावा करायच्या आधी भिंत खरवडायला बसलं की कळतंय. आख्खा जलम तेच केलो की."

मी त्यांच्याकडून बाराही पुड्या वेगळ्या करून घेतल्या. मग वही उघडून आकडे ताडले. बाराच्या बारा बरोबर. जागा बरोबर ओळखल्या एवढंच नव्हे, तर माझ्या वहीत ज्यांना दाते होते ती सगळी सिमेंटच्या ढिगात गेली होती आणि साध्या कडेची सगळी चुन्याच्या. ज्या सहांपुढं मी प्रश्नचिन्ह टाकलं होतं तीसुद्धा. मी तीन महिने डोळे फोडून घेतले होते आणि अप्पांनी हात न पुसताच सांगून टाकलं.

सुट्टी संपायच्या आधीच मी गुलबर्ग्याची बस धरली. सरांनी यावेळी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हा तर जागेचा फरक झाला. चुन्यावर एक रूप, सिमेंटवर दुसरं. जात एकच. चुन्यावरची उचलून सिमेंटवर लाव, सिमेंटवरची चुन्यावर. नवीन जागी दाते जातात का येतात ते बघ. बदलले नाहीत तर मी मानतो."

बोलणं रास्त होतं. मला रागही आला आणि ते पटलंही. जून उजाडायच्या आत मी अप्पांकडून चार लाद्या करून घेतल्या. दोन चुन्याच्या, दोन सिमेंटच्या. सिमेंट भावानं आणलं; तो बिदरजवळच्या कोळारला एका गोदामात कामाला होता. लाद्या ओल्या असतानाच अप्पांनी खिळ्यानं कोपऱ्यात खुणा केल्या. पाऊस सुरू झाल्यावर मी वाळलेलं शेवाळ चुरून, पाणी शिंपडून एकेका लादीवर पेरलं. चुन्यावरचं चुन्यावर आणि सिमेंटवर, सिमेंटवरचं सिमेंटवर आणि चुन्यावर. घरामागं न्हाणीच्या सावलीत चारी लाद्या ओळीनं मांडल्या. मायला बजावलं, "याला हात लावायचा न्हाई." आणि गुलबर्ग्याला गेले.

सप्टेंबरमध्ये मला घरी बोलावणं आलं. उदगीरकडचे पाहुणे मला बघायला येणार होते. मी दोन दिवसांच्या बोलीवर आले, पिशवी दारात ठेवली आणि आधी मागं गेले. तीन लाद्या हिरव्या झाल्या होत्या. चौथी पांढरीशुभ्र होती.

"हे कुनी केलं?" मी ओरडले.

माय हातात कुंचा घेऊनच बाहेर आली. अंगण सारवून झालं होतं, भिंतीला नवा चुना दिला होता. "आगं, पावनं मागं हातपाय धुवायला जातेत. त्या कडंच्या लादीवर पाय पडला म्हंजे? नवऱ्या मुलाची आई घसरून पडली म्हंजे? तेवढी एकच वाटंत होती, म्हनून घासली. बाकीच्याला हात लावले न्हाई मी."

ती हे अगदी समजूतदारपणे म्हणाली. नेमकी तीच लादी मला सगळ्यात जास्त हवी होती. सिमेंटवरचं, दातेवालं, चुन्यावर पेरलेलं. चुन्यावरही त्याचे दाते टिकतात की नाही यावर सगळं होतं. मी वाकून विटेच्या तुकड्यानं घासलेल्या त्या लादीवर बोट फिरवलं. काहीही उरलं नव्हतं.

पाहुणे आले. पोहे झाले. मुलाच्या मामानं विचारलं, कशात शिकायलाव? मी म्हटलं, शेवाळात. ते हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करायलेय. ते स्थळ पुढं सरकलं नाही. मायला वाईट वाटलं. मला लादीचं वाटत होतं, आणि हे तिला सांगितलं असतं तर तिनं कपाळावर हात मारून घेतला असता.

मी उरलेल्या तीन लाद्यांचं सगळं मोजलं. चुन्यावरचं सिमेंटवर गेलं तरी त्याची कड साधीच राहिली होती, एकाही पानाला दाता नव्हता. सरांपुढं मी ऐंशी पानांची चित्रं ठेवली.

"हे अर्धंच झालं," सर म्हणाले. "दुसरं अर्धं कुठं आहे?"

मी काय झालं ते सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबूया म्हटलं तर म्हणाले, प्रबंध मार्चमध्ये द्यायचाय. आणि मी लिहून आणलेल्या शेवटच्या पानावर त्यांनी आडवी रेघ मारली. त्यांनी तोंडी सांगितलं, मी लिहून घेतलं: या प्रदेशात आढळणारी ही दोन रूपं एकाच जातीची असून त्यांतील फरक केवळ आधारद्रव्यामुळे पडतो.

"सर, हे खरं नाही. मी बघितलंय."

"बघितलंस गं. दाखवलं नाहीस."

टायपिंग करून देणाऱ्याकडं मी ते पान तीनदा परत केलं. पहिल्यांदा एक स्पेलिंग चुकलं होतं, पण दुसऱ्या-तिसऱ्यांदा काहीच चुकलं नव्हतं. मला नुसतं ते पान पक्कं होऊ द्यायचं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "ताई, आता काय राहिलंय यात?" मी सही केली. मला पहिला वर्ग मिळाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटच्या पानाची विशेष तारीफ केली, असं सरांनी सांगितलं. अप्पांनी गल्लीत पेढे वाटले आणि त्या आजीनं पेढा तोंडात टाकत विचारलं, "मग निघालं का औषध?"

नंतर मला बिदरच्याच एका कॉलेजात हंगामी नोकरी लागली. दरवर्षी जूनमध्ये नव्यानं अर्ज, दरवर्षी तोच पहिला तास, तोच हिरवा तक्ता. लग्नाचं बोलणं निघायचं आणि विरायचं. चार वर्षं गेली तरी ते टाईप केलेलं वाक्य मनातून जाईना. भाजी निवडताना, पेपर तपासताना ते मध्येच आठवायचं आणि माझा हात थांबायचा.

एका उन्हाळ्यात मी अप्पांना म्हटलं, "मला आणखी लाद्या पाहिजेत. चुन्याच्या."

त्यांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. काम सुटलं होतं. "चुना कुठं मिळायलाय आता? भट्टीच बंद पडली की." पण दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन बाहेर पडले आणि जुन्या ओळखीच्या कुणाकडून तरी कळीच्या चुन्याचं अर्धं पोतं घेऊन रिक्षातून आले. घरामागं खड्डा करून तो भिजवला. महिनाभर मुरू दिला. घाणी नव्हती म्हणून पाट्यावर वाटला. मी मदतीला बसले तर म्हणायचे, "तुला जमत न्हाई, उठ." दिसत नव्हतं तरी बोटांनी चाचपून त्यांनी सहा लाद्या ओतल्या. या वेळी मी त्यांवर सिमेंटवरचं शेवाळ पेरलं, वरून जाळी ठोकली आणि मायला शपथ घातली. एक पावसाळा कोरडा गेला, काहीच उगवलं नाही. आणखी एक वर्ष थांबले. दुसऱ्या पावसाळ्यात उगवलं.

दाते होते. चुन्याच्या सहाही लाद्यांवर, सिमेंटवरून आणलेल्या शेवाळाच्या प्रत्येक पानाच्या शेंड्याला, जसेच्या तसे दाते होते. जागेचा फरक नव्हता. दोन वेगळ्या जाती होत्या.

मी गुलबर्ग्याला सरांच्या घरी गेले. ते निवृत्तीला आले होते. त्यांनी चहा दिला, चित्रं एकेक करून नीट बघितली, या वेळी खरंच बघितली, आणि चष्मा काढून म्हणाले, "मला वाटतच होतं."

"काय वाटत होतं, सर?"

"की दोन असाव्यात. पण परीक्षक माझे गुरू. या भागातल्या शेवाळांची यादी त्यांनीच केलेली, आणि त्यात एकच आहे. अर्ध्या पुराव्यावर त्यांच्यापुढं ते मांडलं असतं तर त्यांनी तुला नापास केलं असतं. मी तुला वाचवलं, अम्मा."

मी चहा प्यायले नाही. ते खोटं बोलत नव्हते. कदाचित त्यांनी मला खरंच वाचवलं असेल. पण पाच वर्षं मी माझ्या डोळ्यांवर शंका घेत होते, आणि हा माणूस तेव्हाच "मला वाटतंय" एवढे दोन शब्द बोलू शकला असता.

मी लेख लिहून एका नियतकालिकाकडं पाठवला. सात महिन्यांनी तो परत आला. सोबत तपासणाऱ्याचा शेरा: या दोन रूपांची जात एकच असल्याचं याच प्रदेशातल्या एका प्रबंधात पूर्वीच सिद्ध झालं आहे. खाली प्रबंधाचा संदर्भ दिला होता. तो माझा होता. लग्न न झाल्यानं नावही तेच होतं, तरी शेरा लिहिणाऱ्याला लेखिका आणि ती प्रबंधवाली एकच आहे हे सुचलं नव्हतं.

मी ते पाकीट हातात धरून ओसरीवर बसले आणि रागानं रडले. अप्पांनी विचारलं, कामून रडायलीस? मी सांगितलं.

"म्हंजे तुझंच लिवलेलं तुला आडवं आलं म्हन की."

"व्हय, अप्पा."

"मग तेच लिव की. चुकलं म्हनून. वाकड्या भिंतीवर गिलावा देऊन भिंत सरळ व्हत न्हाई. पाडायलाच लागतीय."

मी लेख पुन्हा लिहिला आणि त्यात दोन वाक्यं घातली. माझ्या प्रबंधातील निष्कर्ष चुकीचा आहे. तो लिहिताना मला तो चुकीचा असल्याचं माहीत होतं. संपादकांचं पत्र आलं, पहिलं वाक्य ठेवू, दुसरं शास्त्रीय लेखनात बसत नाही. मी आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग दुसरं वाक्य काढलं. कापायची मला आता सवय झाली होती, आणि त्या सवयीचीच मला जास्त चीड आली.

लेख म्हणजे एक पान आणि चार आकृत्या. छापून आला तेव्हा मी अप्पांना तो मराठीत करून वाचून दाखवला. ते भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. मी कृतीच्या भागाशी आले, "चुन्याच्या सहा लाद्या तयार करण्यात आल्या."

"कुनी?" अप्पा म्हणाले.

"काय कुनी?"

"तयार कुनी केल्या, ते लिवलीस का?"

मी पान उलटून बघितलं, जसं काही मागच्या बाजूला असणार होतं. लेखाच्या शेवटी मी आभार मानले होते. सरांचे, प्रयोगशाळेसाठी कॉलेजचे, लेख टाईप करून देणाऱ्याचेसुद्धा. पुड्या कुणी निवडल्या, चुना कुणी आणला, कुणी पाट्यावर वाटला, यातलं एक अक्षर नव्हतं. लिहिताना मला ते सुचलंच नव्हतं. संपादकांनी कापलं नव्हतं, सरांनी रेघ मारली नव्हती.

"न्हाई, अप्पा," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. "पुढचं वाच."

मी पुढचं वाचलं. संध्याकाळी संपादकांना पत्र लिहिलं, की आभारात माझ्या वडिलांचं नाव राहिलं आहे, पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. त्यांनी कळवलं, लेखिकेच्या घरच्यांचे आभार दुरुस्तीत छापायची पद्धत नाही.